मानके शिथिल केली तर पेट्रोल स्वस्त होते का?

पेट्रोलचे भाव चढू लागले किंवा काही कारणाने पंपांवर रांगा लागल्या, की सरकारने काय करावे याविषयी सूचनांचा पाऊस पडतो आणि त्यांत एक सूचना हमखास असते: इंधनाच्या गुणवत्तेची मानके काही काळापुरती शिथिल करा. अमेरिकेत ही सूचना अनेकदा अमलातही येते. आपल्याकडे ती वेगळ्या भाषेत ऐकू येते. ठाण्याच्या किंवा वाशीच्या पंपावर शंभरीपार गेलेला आकडा पाहून कोणीतरी म्हणतोच, की बीएस-४ च्या, म्हणजे ‘भारत स्टेज’ या मानकाच्या आधीच्या टप्प्यातल्या, पेट्रोलवर गाड्या उत्तम चालत होत्या, मग हे आणखी शुद्ध आणि आणखी महाग पेट्रोल आमच्या गळ्यात कशाला? या म्हणण्यात तथ्य किती, हे ठरवायचे असेल तर मानकांविषयी मोघम बोलून भागत नाही. नेमकी कोणती मर्यादा सैल करायची आहे, ती सैल केल्याने रिफायनरीचा किती खर्च वाचतो किंवा किती जास्त माल तयार होतो, आणि वाचलेला पैसा शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे सगळे वेगवेगळे तपासावे लागते.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. मानके शिथिल केल्याने पुरवठा सुधारला आणि भाव उतरले, असे खरोखर घडलेले आहे. पण ते तिथेच घडले, जिथे कोंडी मुळात मानकामुळे झाली होती. कोंडी कच्च्या तेलाच्या दरात, करात किंवा टँकर रस्त्यावर न येण्यात असेल, तर या उपायाचा परिणाम लिटरमागे काही पैशांपलीकडे जात नाही आणि तेवढाही ग्राहकापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते.

पेट्रोल म्हणजे रिफायनरीच्या एका नळातून बाहेर येणारा एकजिनसी पदार्थ नव्हे. ठाणे आणि नवी मुंबईला सर्वांत जवळच्या रिफायनऱ्या माहुलला आहेत; भारत पेट्रोलियमची वर्षाला १ कोटी २० लाख टन क्षमतेची आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची ९५ लाख टन क्षमतेची. अशा ठिकाणी कच्चे तेल तापवून त्याचे हलके-जड भाग वेगळे केले जातात, त्यांवर पुढच्या प्रक्रिया होतात आणि त्यांतून निघालेले चार-पाच प्रकारचे द्रव हिशोबाने मिसळून पेट्रोल तयार होते. नॅफ्था या हलक्या भागावर उत्प्रेरकाची प्रक्रिया करून मिळणारे रिफॉर्मेट ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडता जळण्याची क्षमता, वाढवते, पण त्यात बेंझिन आणि त्याच्या जातकुळीतले घटक जास्त असतात. जड तेल फोडून मिळणारा भाग मुबलक असतो, पण त्यासोबत गंधक येतो. कशात एक गुण, तर कशात एक दोष, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २७९६ हे मानक पेट्रोल कशापासून बनवावे हे सांगत बसत नाही. तयार पेट्रोलमध्ये गंधक वजनाने दहा लाखांत १० भागांहून जास्त नको, बेंझिन १ टक्क्याहून जास्त नको, १५ अंश सेल्सिअसला घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान हवी, अशा मर्यादा ते घालून देते.  

प्रत्येक मर्यादा मिश्रणातल्या कुठल्या ना कुठल्या घटकाला आवर घालते. म्हणून मर्यादा सैल केली की तो घटक जास्त घालता येतो, आणि तो घटक स्वस्त व मुबलक असेल तरच त्यातून काही लाभ होतो.

अमेरिकेत वारंवार शिथिल झालेली मर्यादा बाष्पदाबाची, म्हणजे पेट्रोल किती सहज वाफ होऊन उडते याच्या मापाची, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या टाकीचे झाकण पंपावर उघडले की फुस्स असा आवाज येतो आणि टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते. ती पेट्रोलची वाफ असते. पेट्रोल आत पडू लागले की टाकीत साठलेली उरलेली वाफही बाहेर ढकलली जाते. ही वाफ, वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कडक ऊन यांच्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो. याच कारणाने अमेरिकेने १९८९ पासून उन्हाळी पेट्रोलच्या बाष्पदाबावर मर्यादा घातली. साधारणपणे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात पंपावरच्या पेट्रोलचा बाष्पदाब बहुतेक भागांत ९ पौंड प्रति चौरस इंच आणि ओझोनचा त्रास जास्त असलेल्या भागांत ७.८ पौंड याच्या पुढे जाता कामा नये. हिवाळ्यात हाच आकडा १३ ते १५ पौंडांपर्यंत चालतो, कारण कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होण्यासाठी चटकन उडणारे घटक लागतातच.

या चटकन उडणाऱ्या घटकांत मुख्य आहे ब्युटेन. त्याचा बाष्पदाब ५० पौंडांच्याही वर असतो, ऑक्टेन चांगला असतो आणि अमेरिकेत तो पेट्रोलच्या इतर घटकांपेक्षा बराच स्वस्त पडतो. ढोबळ हिशोब असा, की मिश्रणात ब्युटेन १ टक्क्याने वाढवला की बाष्पदाब सुमारे अर्ध्या पौंडाने वाढतो. म्हणजे मर्यादा एका पौंडाने सैल केली, तर रिफायनरीला तेवढ्याच कच्च्या तेलातून साधारण २ टक्के जास्त पेट्रोल बाजारात आणता येते. आता पैशांचे पाहू. समजा, ब्युटेन इतर घटकांपेक्षा लिटरमागे २० रुपयांनी स्वस्त आहे. शंभर लिटरमध्ये दोन लिटर ब्युटेन जास्त घातला, तर शंभर लिटरमागे ४० रुपये, म्हणजे लिटरमागे ४० पैसे वाचले. फरक २० ऐवजी ३० रुपयांचा धरला तरी बचत ६० पैशांवर जाते. त्यातही लिटरभर ब्युटेनमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे वाचलेल्या पैशांतला थोडा भाग मायलेज घटून परत जातो. मानके शिथिल केल्याने होणाऱ्या खर्चबचतीची पट्टी ही अशी आहे. पाच-दहा रुपयांची भाषा तिथे लागूच होत नाही.

पुरवठ्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. पेट्रोलची मागणी लवचीक नसते. भाव वाढला म्हणून घोडबंदर रोडवरून रोज अंधेरीला जाणारा माणूस उद्यापासून नोकरी सोडत नाही. त्यामुळे बाजारात दोन-तीन टक्के माल कमी पडला, तरी भाव दहा-पंधरा टक्क्यांनी उसळू शकतो, आणि अशा नेमक्या क्षणी २ टक्के जास्त माल मिळाला तर उसळी बसूही शकते. पण त्यासाठी तो जास्तीचा माल नेमका त्याच ठिकाणी आणि त्याच आठवड्यात मिळावा लागतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. त्या राज्याने आपल्यासाठी उर्वरित अमेरिकेपेक्षा कडक आणि वेगळ्या पेट्रोलचे मानक ठेवलेले आहे. देशाच्या पूर्वेकडच्या मोठ्या रिफायनऱ्यांतून तिथे पेट्रोल आणणारी पाइपलाइन नाही, आणि समुद्रमार्गे आशियातून माल मागवला तर आठवडे जातात. थोडक्यात, हा एक बेटासारखा बाजार आहे. ६ ऑगस्ट २०१२ रोजी शेवरॉनच्या रिचमंड येथील रिफायनरीत आग लागली. ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी टॉरन्स येथील एक्सॉनमोबिलच्या रिफायनरीची वीज गेली आणि उत्पादन कोलमडले. दक्षिण कॅलिफोर्नियात उन्हाळी पेट्रोलची सक्ती ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत होती. हिवाळी पेट्रोल बनवता येत होते, काही टाक्यांत तयारही होते, पण विकायला परवानगी नव्हती. राज्यातला सरासरी भाव गॅलनला (सुमारे पावणेचार लिटरला) ४.६७ डॉलर या तोवरच्या उच्चांकावर गेला. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी ७ ऑक्टोबरला हिवाळी पेट्रोल लवकर विकायला मुभा देण्याचे आदेश दिले, घाऊक भाव लगोलग कोसळला आणि नोव्हेंबर सरेपर्यंत पंपावरचा भाव ४ डॉलरच्या खाली आला. २०२२ मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी हेच केले. तेव्हा भाव ६.४० डॉलरच्या पुढे गेला होता; महिनाभरात तो पाऊण डॉलरहून अधिक उतरला.

शिथिलीकरणाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मिळणार नाही. तरीही सगळे श्रेय त्या आदेशांना देणे बरोबर नाही, कारण दोन्ही वेळा बंद पडलेल्या किंवा दुरुस्तीसाठी थांबवलेल्या रिफायनऱ्याही त्याच सुमारास पुन्हा चालू होत होत्या. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की माल जवळ आहे आणि केवळ कागदावरच्या तारखेमुळे तो विकता येत नाही, अशा स्थितीत तारीख पुढे-मागे करण्याने उपयोग होतो. मानकाने घातलेली गाठ मानकानेच सोडवली.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याला धडकले आणि मेक्सिकोच्या आखातातले तेलउत्पादन, किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्या आणि तिथून निघणाऱ्या पाइपलाइन एकाच वेळी ठप्प झाल्या. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे अमेरिकेच्या ईपीएने, काही दिवसांतच देशभर उन्हाळी बाष्पदाबाची अट उठवली. तरीही साध्या पेट्रोलचा देशातला सरासरी भाव आठवडाभरात गॅलनला २.६१ डॉलरवरून ३.०७ डॉलरवर गेला. सवलत देणे चूक होते असे नव्हे; ती नसती तर काही शहरांत परिस्थिती आणखी बिकट झाली असती. पण ज्या रिफायनरीत पाणी शिरले आहे किंवा वीजच नाही, तिला ब्युटेन जास्त मिसळायची परवानगी मिळून काय उपयोग? भाव खरा उतरला तो रिफायनऱ्या सुरू झाल्यावर, युरोपातून पेट्रोलची जहाजे आल्यावर आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी मिळून ६ कोटी पिंपांचा आपत्कालीन साठा बाजारात आणायला सुरुवात केल्यावर. नोव्हेंबरच्या अखेरीस तो २.१५ डॉलरच्या आसपास होता.

अशा सवलतींची एक मर्यादा त्यांच्या मुदतीतच आहे. अमेरिकी कायद्यानुसार एक आपत्कालीन सवलत जास्तीत जास्त २० दिवसांची असते. गरज असेल तर ती पुन्हा द्यावी लागते. दुसरीकडे, टेक्सासच्या ह्यूस्टनहून न्यूयॉर्कपर्यंत जाणाऱ्या कलोनिअल पाइपलाइनमधून पेट्रोल पोहोचायला सरासरी १८ दिवस लागतात. म्हणजे सवलत जाहीर झाल्यावर रिफायनरीने मिश्रण बदलून ह्यूस्टनला पाइपलाइनमध्ये सोडलेला माल न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत सवलत संपत आलेली असते. पुढची वीस दिवसांची सवलत मिळेलच, या भरवशावर कोणी व्यापारी आपल्या टाक्या मर्यादेबाहेरच्या पेट्रोलने भरत नाही. त्यामुळे अशी सवलत नवे उत्पादन फारसे वाढवत नाही. शेजारच्या भागात आधीच तयार असलेला माल हलवणे ती सोपे करते. आणि पाइपलाइनच बंद असेल तर तेवढेही साधत नाही. मे २०२१ मध्ये सायबर हल्ल्यानंतर हीच कलोनिअल पाइपलाइन पाच दिवस बंद राहिली. तेव्हा आखाती किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांत पेट्रोल पडून होते, अनेक राज्यांत मानकांतून सूट दिलेली होती, आणि तरीही नॉर्थ कॅरोलायनातले बहुसंख्य पंप कोरडे पडले होते, कारण लोक घाबरून टाक्याच नव्हे तर डबेही भरून नेत होते.

इथेनॉलच्या बाबतीतला अनुभव आपल्याला जास्त जवळचा आहे. युक्रेनमधील युद्धानंतर तेल भडकले तेव्हा राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केले, की १५ टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल उन्हाळ्यातही विकू दिले जाईल. एरवी बाष्पदाबाच्या नियमामुळे ते उन्हाळ्यात विकता येत नसे. या इंधनामुळे गॅलनमागे सरासरी १० सेंट वाचतील, असे सरकारने सांगितले. पण ते देशातल्या सुमारे दीड लाख पंपांपैकी जेमतेम २,३०० पंपांवर मिळत होते. जूनच्या मध्यावर अमेरिकेतला सरासरी भाव इतिहासात प्रथमच ५ डॉलरच्या पुढे गेला. अशा घोषणेचा राजकीय उपयोग मक्याच्या पट्ट्यातल्या आयोवासारख्या राज्यात नक्कीच झाला असेल, आणि ती आयोवातच केली गेली हा योगायोग नव्हता.

आपल्याकडे पेट्रोलमधील इथेनॉलची मर्यादा १० वरून २० टक्क्यांवर नेण्यात आली, हाही मानकातला बदलच होता. त्यामागे परकीय चलन वाचवणे आणि शेतमालाला गिऱ्हाईक मिळवून देणे हे उद्देश होते आणि ते काही प्रमाणात साधलेही. पण पंपावरचा भाव त्यामुळे उतरला नाही. २०२४-२५ च्या हंगामात मक्यापासूनचे इथेनॉल तेल कंपन्यांनी लिटरला सुमारे ७२ रुपयांनी घेतले. करांपूर्वीचे पेट्रोल त्या काळात याहून स्वस्त पडत होते. त्यात इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. मिश्रणात एखादा घटक जास्त घालण्याची परवानगी मिळाली म्हणून इंधन स्वस्त होत नाही. तो घटक मुळात स्वस्त असावा लागतो.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. बीएस-४ आणि बीएस-६ यांच्या पेट्रोलमध्ये मुख्य फरक गंधकाचा आहे. बीएस-४ मध्ये तो दहा लाखांत ५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-६ मध्ये १० भागांपर्यंत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि त्यासाठी रिफायनऱ्यांनी मिळून सुमारे ३० हजार कोटी रुपये गुंतवले. ही रक्कम ऐकून वाटते, की मानक मागे घेतले तर हा पैसा वाचेल. पण तो खर्च झालेला आहे. गंधक काढणारी यंत्रे उभी आहेत. मर्यादा पुन्हा ५० वर नेली तर वाचेल तो फक्त रोजचा हायड्रोजन, उत्प्रेरक आणि ऊर्जा यांवरचा थोडा खर्च. कच्चे तेल तेवढ्याच डॉलरला येईल, आणि आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो.

बदल्यात काय जाईल, हेही पाहायला हवे. बीएस-६ गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतले उत्प्रेरक गंधकाने निकामी होऊ लागतात. डिझेलच्या गाड्यांत तर काजळी अडवणारी गाळणीही गंधकाला नाजूक असते. लिटरमागे काही पैसे वाचवून काही हजारांच्या दुरुस्तीला निमंत्रण देण्यासारखे ते होईल, आणि तेही वाहनमालकाच्या खर्चाने.

१ एप्रिल २०२० ला भावात काय झाले हे आठवून पाहण्यासारखे आहे. राज्यांच्या करांतले फेरफार सोडले, तर काहीच झाले नाही. टाळेबंदी होती, रस्ते ओस होते आणि कंपन्यांनी मार्चच्या मध्यापासून भाव गोठवले होते. मानक एवढे कडक झाले तरी त्यापायी पंपावरचा आकडा हलला नाही. तो ठळकपणे हलला जूनमध्ये. केंद्राने मार्चमध्ये पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपयांनी आणि मे महिन्यात आणखी १० रुपयांनी वाढवले होते, कच्चे तेलही सावरू लागले होते. ७ जूनपासून रोज थोडी थोडी वाढ सुरू झाली आणि तीन आठवड्यांत दिल्लीत पेट्रोल ९ रुपयांहून अधिक महागले. त्या वाढीत बीएस-६ चा वाटा शोधायला भिंगच लागेल.

पुरवठ्याच्या दृष्टीने बीएस-६ ने उलट एक सोय करून दिली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. २०१० ते २०१७ या काळात मुंबई, पुणे, सोलापूर अशा काही निवडक शहरांत बीएस-४ इंधन होते आणि उर्वरित भागात बीएस-३. एकाच राज्यात दोन प्रतींचे पेट्रोल म्हणजे डेपोत दोन वेगळ्या टाक्या, वेगळे टँकर आणि एकीकडचा माल दुसरीकडे नेण्यावर बंधने. अमेरिकेत वेगवेगळ्या शहरांसाठी वेगवेगळे मिश्रण असल्याने जी अडचण होते आणि जी सोडवण्यासाठी तिथे पुन्हा पुन्हा सवलती द्याव्या लागतात, तीच ही अडचण. आता देशभर एकच मानक असल्यामुळे माहुलला एखादे युनिट बंद पडले, तर जामनगरचे किंवा कोचीचे पेट्रोल कोणाच्याही विशेष परवानगीशिवाय ठाण्याच्या पंपावर येऊ शकते. शिवाय आपल्या रिफायनऱ्यांची क्षमता देशाच्या एकूण खपाहून जास्त आहे आणि आपण पेट्रोल-डिझेल निर्यात करतो. मानक सैल करून माल वाढवण्याची गरजच मुळात उद्भवत नाही.

आणि ब्युटेनचा मार्ग? अमेरिकेत जो ब्युटेन पेट्रोलमध्ये घालतात, तो आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये असतो. घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण, आणि आपल्या गरजेच्या जवळपास ६० टक्के एलपीजी आपण आयात करतो. बाष्पदाबाची मर्यादा सैल करून तो ब्युटेन पेट्रोलमध्ये वळवला, तर तेवढाच ब्युटेन परदेशातून जास्त आणावा लागेल. अमेरिकेतली युक्ती जशीच्या तशी इथे आणण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा हिशोब बहुधा केलेला नसतो.

आपल्या भागात गेल्या काही वर्षांत पेट्रोलची जी एक खरीखुरी चणचण झाली, ती १ आणि २ जानेवारी २०२४ ची. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठी नव्या भारतीय न्याय संहितेत केलेल्या कडक तरतुदीविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी काम थांबवले. ठाणे, नवी मुंबई, मुंबई सगळीकडे पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, दुचाकीवाले मध्यरात्रीपर्यंत ताटकळले आणि काही पंपांवर पेट्रोल संपल्याच्या पाट्या लागल्या. माहुलच्या टाक्यांत पेट्रोल होते. ते पंपापर्यंत नेणारे हात थांबले होते. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांशी बोलणी होऊन आंदोलन मागे घेतले गेले आणि एक-दोन दिवसांत पंप पूर्ववत झाले. त्या दोन दिवसांत सरकारने गंधकाची, बाष्पदाबाची, बेंझिनची सगळी मानके उठवली असती तरी एक लिटर पेट्रोलही जास्त मिळाले नसते.

भावाचे बोलायचे, तर ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना याचे मोजमाप करण्याची एक आयती संधी मिळाली होती. जून २०२४ अखेरपर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिका क्षेत्रांत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा कर होता. राज्याच्या बहुतेक भागात टक्केवारी २५ होती. राज्याच्या अर्थसंकल्पात अजित पवार यांनी ही तफावत काढून टाकली आणि १ जुलै २०२४ पासून आपल्याकडेही २५ टक्के लागू झाले. पेट्रोल ६५ पैशांनी आणि डिझेल, ज्यावरचा व्हॅट २४ वरून २१ टक्क्यांवर आला, सुमारे २ रुपयांनी उतरले. आता मघाचा ब्युटेनचा हिशोब पाहा. रिफायनरीत वाचलेले ४० पैसे, त्यावरचा २५ टक्के व्हॅटही वाचला असे धरून, पंपावर फार तर ५० पैसे होतात. पेट्रोलच्या घटकांत हात न घालता, कोणाच्या फुप्फुसाला किंवा गाडीच्या उत्प्रेरकाला धक्का न लावता, एक टक्का कर कमी केल्याने त्याहून जास्त मिळाले.

आणि ते ५० पैसे तरी मिळाले असते का, हा प्रश्न उरतोच. कायद्याच्या दृष्टीने पेट्रोलचे भाव २०१० पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहेत आणि जून २०१७ पासून ते रोज बदलणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात मे २०२२ पासूनचा मुंबईचा भाव पाहिला तर केंद्राच्या शुल्ककपातीनंतर १११ रुपये ३५ पैसे, जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट ५ रुपयांनी कमी केल्यावर १०६ रुपये ३१ पैसे, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, १५ मार्च २०२४ ला, १०४ रुपये २१ पैसे, आणि जुलै २०२४ च्या व्हॅटकपातीनंतर साडेएकशेतीनच्या आसपास, असा तो पायरी-पायरीने उतरलेला दिसतो. याच काळात भारत जे कच्चे तेल घेतो त्याची सरासरी किंमत जून २०२२ मधील पिंपामागे ११६ डॉलरवरून मे २०२५ मध्ये ६५ डॉलरच्या आसपास आली, आणि पंपावरचा आकडा त्यासाठी म्हणून हलला नाही. कच्चे तेल महाग असताना कंपन्यांनी तोटा सोसला आणि स्वस्त असताना तो भरून काढला, असे त्याचे समर्थन केले जाते आणि त्यात अर्थ नाही असेही नाही. सिलिंडर खर्चापेक्षा कमी दराने विकल्याबद्दल केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ३० हजार कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली, यावरून एका इंधनातला नफा-तोटा दुसऱ्यात कसा जिरतो याची कल्पना येते. पिंपामागे पन्नास डॉलरची घसरण जिथे पंपापर्यंत झिरपली नाही, तिथे मानक सैल करून रिफायनरीत वाचलेले लिटरमागचे ४० पैसे कंपन्यांच्या ताळेबंदातच राहिले असते.